भाकरी खाऊनही गहू पोटात : सोलापूरकडच्या एका मुलीचा सिलिॲक आजार

(कुटुंबाच्या संमतीने लिहिलं आहे. मुलीचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे इतर तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

रेवती अकरा वर्षांची. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वडिलांचं हार्डवेअरचं छोटं दुकान, आई घरकाम सांभाळून शिवणकाम करते. घरात आजी आणि सात वर्षांचा भाऊ. उंची १२४ सेंटिमीटर, वजन २१ किलो. वाढीच्या तक्त्यावर दोन्ही आकडे सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली. तरी वर्षानुवर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं, कारण "आमच्या घराण्यातच उंची नाही" हे उत्तर तयार होतं. शिवाय पोरगी हुशार आणि चपळ. नुसती लवकर दमायची.

हिमोग्लोबिन मात्र सात-आठच्या वर जाईना. शाळेत मिळणारी लोहाची गुलाबी गोळी, मग गावातल्या डॉक्टरांचं टॉनिक, जंताचं औषध, पुन्हा टॉनिक, अशी दोन वर्षं गेली. औषध चालू असेपर्यंत आकडा जरा हलायचा आणि बंद केलं की जागेवर यायचा. जुलाब कधीच नव्हते. पोट फुगायचं, अधूनमधून बद्धकोष्ठ व्हायचं, तोंड वारंवार यायचं. सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने लहान आतड्याच्या अस्तराला इजा होण्याचा आजार. तो म्हटलं की पुस्तकात जुलाब, फुगलेलं पोट आणि काटकुळे हातपाय असलेलं बाळ दिसतं. शाळकरी वयात हा आजार बऱ्याचदा नुसता ॲनिमिया किंवा खुंटलेली उंची होऊन येतो, आणि तिथेच तो निसटतो.

दुसरा अडसर भूगोलाचा होता. सिलिॲक हा पंजाब-हरियाणाकडचा, गहू खाणाऱ्यांचा आजार, असं आपल्याकडे अजूनही धरून चालतात. त्यात थोडं तथ्य आहे. उत्तर भारतातल्या पाहण्यांत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला आणि दक्षिणेत तो फार कमी दिसला. पण सोलापूरच्या ज्वारीच्या पट्ट्यातही आता मुलांच्या डब्यात पोळीच असते. रेशनवर गहू मिळतो, पोळी डब्यात मऊ राहते, भाकरी वाळते. रेवतीच्या घरी रात्री भाकरी आणि सकाळी पोळी असा क्रम होता. चहाबरोबर बिस्किटं किंवा खारी. म्हणजे ज्वारीच्या घरातही गहू दिवसातून दोन-तीनदा पोटात जात होताच.

निदान

सोलापुरातल्या बालरोगतज्ज्ञांनी आधी थॅलेसेमियाची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) शक्यता तपासून बाजूला केली. फेरिटिन ४ आलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. तोंडाने दोन वर्षं लोह देऊनही साठा शून्यावर असेल, तर ते आतड्यातून आत शिरतंय का, हाच पुढचा प्रश्न. त्यांनी टीटीजी-आयजीए (सिलिॲकचा संशय तपासणारी रक्ततपासणी, पुढे नुसती 'टीटीजी') आणि सोबत एकूण आयजीएची (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची) तपासणी सांगितली. ही जोडी महत्त्वाची आहे, कारण ज्यांच्या रक्तात मुळात आयजीएच कमी असतं त्यांची टीटीजी आजार असूनही नकारात्मक येऊ शकते. रेवतीचं एकूण आयजीए ठीक होतं. टीटीजी १२४, प्रयोगशाळेची वरची मर्यादा २०.

आकडा सहापट. तो दहापटींच्या पुढे असता आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यातली ईएमए (याच आजाराची आणखी एक रक्ततपासणी) तपासणीही सकारात्मक आली असती, तर युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार मुलांमध्ये बायोप्सीशिवायही (आतड्याचा तुकडा काढून न तपासताही) निदान पक्कं करता येतं. सहापटीला ती सवलत नाही. डॉक्टरांनी एंडोस्कोपीसाठी पुण्याला पाठवलं आणि तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली.

पहिला पेच : पथ्य आधी सुरू झालं

रिपोर्ट हातात आला त्याच रात्री पुण्यातल्या मामाने फोनवर सांगितलं, "ताई, गहू आजपासून बंद कर." आईने बंद केला. एंडोस्कोपीच्या तारखेपर्यंत गहू सोडून तीन आठवडे झाले होते. पोट फुगणं कमी झालं होतं, मुलगी खुश होती आणि आता पुन्हा गहू घालायला घरातलं कुणी तयार नव्हतं.

मामाचं चुकलं असं म्हणवत नाही. विष कुठलं ते कळल्यावर महिनाभर तेच मुलीला वाढत राहा, हे सांगणारं कुणी भेटलंच नव्हतं. पण अडचण अशी की गहू बंद केला की आतड्याचं अस्तर सावरू लागतं आणि टीटीजी उतरू लागते. मग बायोप्सीत काहीच स्पष्ट दिसलं नाही, तर आयुष्यभराचं पथ्य अर्धवट पुराव्यावर उभं राहतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलगी विचारते, "मला खरंच आहे का हे?" आणि दाखवायला कागद नसतो.

पर्याय तीन होते. बायोप्सी सोडून द्यायची आणि टीटीजी व सुधारलेली तब्येत यांवरच निदान मानायचं. किंवा गहू पुन्हा सुरू करून काही आठवड्यांनी बायोप्सी करायची. किंवा आहे त्या अवस्थेत ठरलेल्या तारखेलाच करायची. पहिला घरच्यांना सगळ्यात सोयीचा होता. दुसरा शास्त्रशुद्ध, पण रेवती वयात येण्याच्या उंबरठ्यावर होती. वाढीचा जोर येण्याच्या काळात जाणूनबुजून आतड्याला इजा करणारी परीक्षा शक्यतो टाळतात. जनुकीय चाचणीचाही विचार झाला. तिचा उपयोग बहुतेक नकार देण्यापुरता असतो. डीक्यू२ आणि डीक्यू८ ही या आजाराशी जोडलेली जनुकं दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच म्हणता येतं. असतील तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण निरोगी माणसांतही ते सर्रास सापडतात. खर्च लक्षात घेऊन ती सोडली.

पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांनी तिसरा मार्ग धरला. इतकं खराब झालेलं अस्तर तीन आठवड्यांत भरून येत नाही, हा त्यांचा हिशोब. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, अगदी तोंडाशी असलेल्या फुगीर भागासकट, अनेक तुकडे घेतले, कारण खराबी ठिकठिकाणी विखुरलेली असू शकते. अहवाल आला : मार्श ३ बी (मार्श ही अस्तराची खराबी मोजायची श्रेणी). अन्न शोषून घेणारे बोटांसारखे उंचवटे बरेचसे सपाट झाले होते. निदानाबद्दल शंका उरली नाही. अहवाल संदिग्ध आला असता तर दुसऱ्या पर्यायाकडे जावं लागलं असतं, हे पालकांना आधीच सांगून ठेवलं होतं.

घराची मांडणी

आहारतज्ज्ञ म्हणून मी या टप्प्यावर आले. सिलिॲकला औषध नाही. गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांमधलं ग्लुटेन आयुष्यभर बंद, एवढाच उपचार. सोबत लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व.

आई म्हणाली, "आमच्यात भाकरी आहे हो, आम्हाला जड नाही जाणार." अर्धं खरं होतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी यांत ग्लुटेन नाही. दिल्लीच्या घराला जे शिकावं लागतं ते सोलापूरच्या आजीच्या हाताला येतंच. उपवासाचा अख्खा स्वयंपाक हिला चालतो हे कळल्यावर आजी पहिल्यांदा खुलली.

गहू वेगवेगळी नावं घेऊन घरात होता, ती नावं आम्ही एकेक करून काढली. रवा, मैदा, शेवया, गव्हल्या, कुरडया. कुरडई गव्हाच्या चिकाची असते हे आईला माहीतच होतं, पण ती 'गहू' म्हणून डोक्यात नव्हती, उन्हाळी वाळवण म्हणून होती. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू. नाचणीची म्हणून आणलेली बिस्किटं, ज्यांच्या पुड्यावर पहिला घटक मैदा. दुधात घालायची माल्टची पावडर, म्हणजे जव. आणि हिंग. आपल्या डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो. डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य केलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. खडा असला म्हणून तो शुद्ध असेल असंही नाही. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो, पण पुडीवरचं वाचून घ्यावा लागतो.

सांगलीच्या काकांनी खास खपली गहू पाठवला. "हा जुना गहू. याने काही होत नाही," असा निरोप सोबत. खपली पचायला हलका वाटतो, मधुमेहवाले आवडीने खातात, ते खात राहोत. पण त्यात ग्लुटेन आहे आणि सिलिॲकमध्ये तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य. पोतं परत पाठवताना काका दुखावले.

मग प्रश्न आला : गहू घरातूनच काढायचा की फक्त रेवतीच्या ताटातून? वडिलांना आणि भावाला पोळी हवी होती. मी अख्खं घर बदला असा आग्रह धरला नाही. एकाच्या पथ्यापायी घरातल्या सगळ्यांची जेवणं बदलली की वर्षभरात त्या एकावरच राग निघतो, असं पाहिलेलं आहे. ठरलं ते असं : रेवतीचं पोळपाट-लाटणं, काटवट आणि चाळणी वेगळी. लोखंडी तवा घासून स्वच्छ होतो, चाळणीच्या जाळीतलं पीठ कधीच पूर्ण निघत नाही. आधी भाकरी, मग पोळी. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचं काही तळायचं नाही.

सहा महिन्यांनी

हिमोग्लोबिन ७.६ वरून ९.८ झालं आणि तिथेच थबकलं. वजन दीड किलोने वाढलं. टीटीजी १२४ वरून ९६. मुलांमध्ये हा आकडा सावकाश उतरतो, पूर्ण खाली यायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात. पण सहा महिन्यांत इतकीशी घट म्हणजे कुठून तरी ग्लुटेन रोज जात होतं.

अशा वेळी संशय मुलावर जातो. "बाहेर खात असेल." आजीला तशी खात्रीच होती. रेवतीशी एकटीशी बोलल्यावर कळलं की मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने पाणीपुरी खाल्ली होती. आणखी एक गोष्ट कळली. आजाराचं नाव तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "तुला गहू बाधतो" एवढंच. पाणीपुरी खाऊन तिला काहीच बाधलं नव्हतं, म्हणून तिने निष्कर्ष काढला की थोडा चालतो. तिच्या माहितीवर तो निष्कर्ष बरोबरच होता. खाल्ल्यावर अंगावर पुरळ येत नाही, श्वास अडकत नाही, हेच या आजाराचं अवघड अंग. शिक्षा लगेच मिळत नाही. तिला आतड्याचं चित्र काढून दाखवलं, बायोप्सीचा अहवाल वाचून दाखवला. पुढच्या भेटीपासून पुडे तीच वाचू लागली.

पण एका पाणीपुरीने टीटीजी ९६ वर राहत नाही. रोजच्या जेवणात काहीतरी होतं. आईला आठवडाभराची नोंद ठेवायला सांगितली, आणि नेहमीच्या तक्त्यात एक रकाना वाढवला : पीठ कुठे दळलं?

गिरणी

दळण गल्लीतल्या गिरणीत जायचं. गिरणीवाल्यांना सगळी हकिकत माहीत होती, माणूस भला. "वैनी, तुमची ज्वारी मी सकाळी पहिली टाकतो की." खरंच टाकत होते. पण आदल्या रात्री शेवटचं दळण बहुतेक गव्हाचं असायचं, आणि दगडांच्या खाचांत, नळकांड्यात, तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत ते पीठ राहायचं. ते नेमकं 'पहिल्या' दळणात उतरायचं. म्हणजे पहिला नंबर हा मान होता, पण मुलीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट जागा.

कागदावर हिशोब केला. पाच किलो पिठात शंभरात एक भाग गहू मिसळला असं धरू, म्हणजे ५० ग्रॅम. रेवती दिवसाला दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाते, त्यात दीड ग्रॅम गव्हाचं पीठ. गव्हाच्या पिठात आठ-दहा टक्के ग्लुटेन धरलं तर रोज सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत सोसतं, आणि रोज ५० मिलिग्रॅमने अस्तराला इजा होते असं अभ्यासात दिसलं आहे. प्रत्यक्ष भेसळ किती होती ते आम्ही मोजलं नाही. पण पथ्याच्या भाकरीतून गहू पोटात जाणं किती सहज शक्य आहे, ते एवढ्यावरून पुरेसं कळलं.

पुढे काय? 'ग्लुटेन-फ्री' छापलेलं पीठ विकत आणायचं हा एक मार्ग. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. पण ते तालुक्याला मिळत नव्हतं आणि रोजच्या भाकरीला परवडणारंही नव्हतं. गिरणीवाल्यांनी आधी दोन किलो तांदूळ दळून तो टाकून द्यायचा, हा दुसरा. ते तयार होते, पण दगड उघडून साफ केल्याशिवाय खात्री नाही आणि दर आठवड्याला दगड कोण उघडणार. तिसरा मार्ग घरघंटी. पंधरा-वीस हजारांचा खर्च.

निर्णय होईपर्यंत पीठच बंद केलं. भात, वरई, घरी वाटलेल्या तांदूळ-उडदाचे डोसे आणि इडल्या, साबुदाणा, ज्वारीच्या लाह्या, उकडलेली रताळी. अख्खं धान्य घरात निवडून, धुऊन, शिजवलं की गिरणीचा संबंधच उरत नाही. रेवती भाकरीसाठी कुरकुरली, पण हा मधला काळ उपयोगी पडला : पोट सगळ्यात हलकं याच दिवसांत वाटलं, असं ती स्वतःहून म्हणाली. आईने बचत गटातून कर्ज काढून घरघंटी घेतली. ज्वारी बाजारातून आणली की तिच्यातही गव्हाचे दाणे सापडतात, म्हणून आजी चष्मा लावून परातीत ती निवडते.

घरघंटी आल्यावर शेजारच्या काकू दोन किलो गहू घेऊन आल्या. नाही म्हणणं आईला जड गेलं, कारण त्याच काकू अडीअडचणीला धावून येणाऱ्या. आईने त्यांना आत बसवून सगळं समजावलं. काकू समजल्या की रागावल्या ते सांगता येत नाही, काही दिवस बोलणं तुटक होतं. पथ्याचे तक्ते बनवणाऱ्या आम्हा लोकांच्या कागदावर हा खर्च कधी लिहिलेला नसतो.

गव्हाचं काय, हा जुना प्रश्नही इथे निकालात निघाला. घरघंटीत गहू दळायचा नाही, मग पोळीसाठी वेगळं पीठ आणून तेच काटवटीशेजारी उधळायचं कशाला, असं वडिलांनीच म्हटलं. घरातला गहू गेला. भाऊ शाळेत आणि आत्याकडे पोळी खातो.

शाळा आणि सण

शाळेतला खिचडी-भात अडचणीचा नव्हता, वाटली जाणारी बिस्किटं होती. वर्गशिक्षिकांना अर्ध्या पानाचं पत्र दिलं. त्यात 'ॲलर्जी' शब्द टाळून, 'कणभरही नको, पण चुकून खाल्लं तर धावपळ नको, घरी कळवा' एवढंच लिहिलं.

गणपती सोपे गेले, उकडीचे मोदक तांदळाचे. होळीला पुरण वाटीत तुपाबरोबर. खरा वाद सत्यनारायणाच्या शिऱ्यावर झाला. "अगं, देवाच्या प्रसादानं कुणाचं वाईट होत नसतं," हे आजीचं म्हणणं, आणि प्रसाद नाकारणं तिला सोसणारं नव्हतं. त्यावर युक्तिवाद करण्यात अर्थ नव्हता. गुरुजींनाच विचारलं. त्यांनी तांदळाच्या रव्याचा शिरा चालेल म्हणून सांगितलं. आता त्या घरचा प्रसाद सगळ्यांसाठीच तांदळाच्या रव्याचा होतो. दुसऱ्यांच्या घरी रेवती पंचामृत आणि केळं घेते. लग्नाच्या पंगतीला डबा सोबत, कारण वरणाच्या फोडणीतल्या हिंगाची चौकशी आचाऱ्याकडे करणं शक्य नसतं.

परिणाम

निदानानंतर वर्षाने टीटीजी ४८, दीड वर्षाने १७. हिमोग्लोबिन ११.९, लोहाचं औषध बंद. उंची १३४.५ सेंटिमीटर, म्हणजे दीड वर्षात साडेदहा सेंटिमीटर. तक्त्यावरची तळाची रेषा अजून गाठायची आहे, पण ती आणि रेवती यांच्यातलं अंतर निम्म्याच्याही खाली आलं. हाडांचं वय खऱ्या वयाच्या मागे आहे, म्हणून वाढीला अजून वाव आहे. वयात येण्याची लक्षणं दिसू लागली. थायरॉइडची तपासणी ठीक आली. ती दरवर्षी करायची, कारण एका स्वयंप्रतिकार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या) आजारासोबत दुसरा असण्याची शक्यता जास्त असते.

आई-वडील आणि भाऊ यांची टीटीजी मात्र वर्ष उलटल्यावर झाली. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात आजाराची शक्यता बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त असते, लक्षणं नसली तरी. वडील आणि भाऊ नकारात्मक. आईचा आकडा मर्यादेच्या तिप्पट. तिचं हिमोग्लोबिन दुसऱ्या बाळंतपणापासून नऊच्या आसपासच होतं आणि त्याला "बायकांचं असतंच" हे उत्तर होतं. एंडोस्कोपी करायची तर तोपर्यंत पुन्हा गहू खावा लागेल, आणि गहू घरात नाही. ती अजून तयार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

लोह देऊनही दुसऱ्यांदा ॲनिमिया परतला तेव्हाच टीटीजी झाली असती, तर दीडेक वर्ष वाचलं असतं. वाढीच्या वयातलं दीड वर्ष. त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागत नाही. उंची-वजन तक्त्यावर मांडलं असतं तरी संशय आला असता.

टीटीजीचा कागद हातात देताना 'बायोप्सी होईपर्यंत गहू बंद करू नका' ही ओळ त्यावरच लिहून देता येते. सोलापूरचे ते डॉक्टर आता तसा शिक्काच मारतात. तारीख लवकर मिळवून देणं हा त्याचाच दुसरा भाग. महिनाभर वाट पाहायला लावून वर पथ्यही पाळू नका म्हणणं आईबापाला झेपत नाही.

दळण कुठे होतं, हा प्रश्न पहिल्याच भेटीतला. परदेशी तक्त्यांत तो नसतो, तिथे पीठ पुड्यात येतं. सुरुवातीलाच तो विचारला असता तर सहा महिन्यांची भाकरी वाया गेली नसती. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी निदानाच्या आठवड्यातच, गहू अजून ताटात असताना करायला हवी होती. मग आईपुढे आजचा पेच उभा राहिला नसता.

एक गोष्ट मी तशीच ठेवेन : सुरुवातीला अख्ख्या घराचा गहू काढायला न लावणं. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, त्यांच्या मते तिथेच सहा महिने गेले. माझ्या मते ते गिरणीत गेले. वडिलांनी गहू स्वतःहून काढला म्हणून तो आजही बाहेर आहे.

भावाची तपासणी काही वर्षांनी पुन्हा करायची आहे, आजार नंतरही उमटू शकतो. रेवतीला दहावीनंतर लातूरला शिकायला जायचं आहे. तिथल्या एका वसतिगृहात विचारलं, तर स्वतंत्र शेगडी वापरू देत नाहीत. खोली भाड्याने घेऊन आजीने सोबत राहायचं की घरघंटीचं पीठ दर पंधरवड्याला एसटीने पाठवायचं, यावर घरात आत्तापासूनच बोलणी चालू आहेत.